भूकंप सोसला, पाण्याने घात केला

11 मार्च 2011च्या दुपारी जपानच्या ईशान्य किनाऱ्यासमोर 9 तीव्रतेचा भूकंप झाला. पॅसिफिक भूपट्ट जपानखाली सरकताना शतकानुशतकं साठलेला ताण एकदम मोकळा झाला. होन्शू बेट सुमारे अडीच मीटर पूर्वेला सरकलं. तरी बहुतेक इमारतींनी धक्के सोसले. घात केला तो त्सुनामीने. मृत आणि बेपत्ता मिळून 18 हजारांहून अधिक माणसं गेली, बहुतेक पाण्यात बुडून.

याच किनाऱ्यावरच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रातल्या चालू अणुभट्ट्या भूकंप होताच आपोआप बंद झाल्या होत्या. पण बंद भट्टीतलं इंधनही तापतच राहतं. ते थंड ठेवायला पाणी सतत खेळतं लागतं. बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले आणि तासाभराच्या आत लाटेने तेही बुडवले. तीन भट्ट्यांतलं इंधन वितळलं. जनरेटर इतक्या सखल जागी ठेवणं ही माणसाचीच चूक, निसर्गाची नव्हे.

किरणोत्सर्गाच्या भीतीने दीड लाखांहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली. देशभरातल्या अणुभट्ट्या एकेक करून थांबल्या, वीजनिर्मितीसाठी नैसर्गिक वायूची आयात वाढली. 2011मध्ये जपानचा परदेशी व्यापार 1980नंतर प्रथमच तुटीत गेला.