यात काय मोठेसे?

गणिताचे उत्तर शेवटच्या पानावर पाहिले की गणित सोपेच वाटते. यांत्रिक पेटंट वाचतानाही तसेच होते. दोन जुने भाग जोडलेले दिसतात आणि आपण म्हणतो, "यात काय मोठेसे? कुणालाही सुचले असते!" मी डॉक्टरेट इंजिनिअरिंगमध्ये केली, पोट सॉफ्टवेअरवर भरतो, हे वाक्य दोन्हीकडे ऐकतो.

अमेरिकेच्या पेटंट कायद्यात १९५२ पासून यासाठी १०३ वे कलम आहे. कल्पना नुसती नवी असून भागत नाही. त्या धंद्यातल्या साधारण कुशल माणसाला ती सहज सुचण्याजोगी नसावी लागते.

हे ठरवायचे कसे, ते सुप्रीम कोर्टाने १९६६ साली ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर खटल्यात सांगितले. आधी काय माहीत होते, नव्यात फरक कोणता आणि त्या माणसाची कुवत किती, हे तपासायचे. खटला नांगराचा होता. दगड लागताच नांगराचा दांडा स्प्रिंगच्या जोराविरुद्ध वर ढकलला जाई. ग्रॅहम यांनी बिजागरीच्या पट्टीवरचा दांडा पट्टीखाली घेतला. कोर्ट म्हणाले, हे सहज सुचण्याजोगे आहे. पेटंट रद्द झाले.

त्याच दिवशी कोर्टाने अॅडम्स यांच्या बॅटरीचे पेटंट मात्र कायम ठेवले. मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइड हे तिचे घटक जुनेच होते. पण पाणी घालून ती इतकी चांगली चालेल यावर तज्ज्ञांचाच विश्वास बसेना!

२००७ साली केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स खटल्यात मोटारीचे मागेपुढे सरकणारे पेडल आले. त्याच्या न हलणाऱ्या खिळीवर सेन्सर बसवला होता. पेडल जुने, सेन्सरही जुना. आणि गाड्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाकडे वळल्या असताना दोन्ही जोडायला कारणही उघड होते. परिणाम अपेक्षेप्रमाणेच मिळाला. हेही पेटंट टिकले नाही.

म्हणजे भाग जुने की नवे, एवढ्याने निकाल लागत नाही. ते जोडावेसे कुणाला आणि का वाटले असते, आणि हाती आले ते अपेक्षित होते का, हे पाहावे लागते. तेही अर्जाच्या दिवशीच्या ज्ञानावर, आजच्या नव्हे.

म्हणून तुमच्या कल्पनेचा निकाल घरच्या घरी लावू नका. इतरांनी काय करून पाहिले आणि ते का फसले, हे तारखेसह लिहून ठेवा आणि पेटंट वकिलाला दाखवा. कल्पना जाहीर केल्यावर अमेरिकेत अर्जाला एक वर्ष मिळते; अनेक देशांत तेवढीही सवड नसते.