ऊन पाण्याची धार बारीक का?

सकाळच्या प्रहरी दहा माणसांच्या घरात स्नानाची गडबड असावी आणि ऊन पाण्याची धार सुतासारखी व्हावी, यासारखा गृहशांतीचा शत्रू नाही. आजोबांची संध्या खोळंबते, मुलांच्या शाळेस उशीर होतो, आणि दोष मात्र गीझरच्या माथी येतो. नवा गीझर आणूनही धार पूर्ववतच राहिली, म्हणजे सारा खर्च व्यर्थ! म्हणून या विषयाचा थोडक्यात परामर्श घेण्याचे आम्ही योजिले आहे.

गीझरमध्ये थंड पाणी तळाशी शिरते व वरच्या ऊन पाण्यास बाहेर ढकलते. अर्थात ऊन पाण्याचा जोर हा थंड पाण्याचाच उसना जोर होय. मुंबईस विहारचे पाणी १८६० साली, तुळशीचे १८७९ साली व तानशाचे १८९२ साली मिळू लागले. परंतु आज गिरगाव-दादरकडे पाणी ठराविक वेळीच येते, म्हणून पुष्कळ इमारतींचा दिवसभराचा भरवसा गच्चीवरील टाकीवर असतो. दहा मीटर उंचीने सुमारे एक वातावरणाएवढा दाब मिळतो. टाकी दोन-तीन मीटरच वर असलेल्या शेवटच्या मजल्यावर तो फार तर त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका असणार.

तेव्हा प्रथम थंड व ऊन असे दोन्ही नळ पाळीपाळीने सोडून पाहावे. दोन्ही मंद असल्यास टाकी, मुख्य झडप अथवा जुने लोखंडी नळ तपासावे. नळाच्या पोटात गंज साचून वाट अरुंद होते, व तेथे नळ बदलणे हाच उपाय. थंडाची धार चांगली व उन्हाची बारीक असल्यास गीझरच्या मुखाशी असलेली एकमार्गी झडप कचऱ्याने अडली असावी, किंवा कूपनलिकेच्या जड पाण्याचा क्षार आत बसला असावा. केवळ फवाराच मंद असेल, तर त्याची चाळणी लिंबाच्या रसात भिजवून घासावी.

टाकी रिकामी होऊन भरल्यावर ऊन पाणी अडखळत येत असेल, तर नळीत हवा कोंडली आहे असे समजावे. गीझरची वीज बंद करून ऊन पाण्याचा नळ पूर्ण सोडावा व धार अखंड होईपर्यंत तसाच ठेवावा. तोपर्यंत वीज सुरू करू नये. कोरडी तार जळून जाते.

एक सूचना मात्र कळकळीची आहे. सुरक्षा-झडपेतून तापताना थेंब गळतात, म्हणून कोणी तिला बूच मारतात. पंधरा लिटर पाणी २० अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापले की सुमारे पाव लिटर फुगते, आणि एकमार्गी झडप बसविलेली असल्यास त्या वाढीस दुसरी वाट उरत नाही. ती वाट कोंडणे म्हणजे स्फोटास आमंत्रण होय. गीझर उघडण्याचे काम जाणत्या कारागिराचेच. परंतु वरील परीक्षा घरच्या कोणासही करता येईल, आणि कारागिरास नेमका दोष सांगता आला, तर वेळ व पैसा दोन्ही वाचतील.