क्रोधाची उतरण

जबलपूरच्या बडा फुहारा चौकात सायंकाळी थोडा वेळ उभे राहिले, तर रागाची नाना रूपे पाहावयास मिळतात. कमानिया गेटकडून आणि सराफ्याकडून माणसांचे लोंढे येत असतात. सायकली, रिक्षा आणि हातगाड्या एकमेकींत अडकतात. कोणाचा तरी धक्का लागतो, शब्दाने शब्द वाढतो आणि दोन अनोळखी माणसे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी असल्याप्रमाणे एकमेकांकडे पाहू लागतात. तोच गर्दी पुढे सरकते आणि तो राग जागच्या जागी विरून जातो. रस्त्यावरच्या रागाचे आयुष्य हे असे क्षणाचे. खरा प्रश्न आहे तो, माणूस चौकातून उचलून घरी घेऊन जातो त्या रागाचा.

१९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती. कचेऱ्या, रेल्वे, शाळा आणि १९०४ साली स्थापन झालेला तोफगाड्यांचा कारखाना यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. अशाच एखाद्या घरातील कर्त्या पुरुषाची कल्पना करावी. दुपारी वरिष्ठाने चारचौघांत त्याचा पाणउतारा केला. तो त्याने निमूटपणे गिळला. परतताना चौकात कोणी त्याला ढकलले. तेही त्याने सोसले. घरी आल्यावर मुलीच्या हातून वहीवर पाणी सांडले मात्र, आणि दिवसभराचा सारा संताप त्या पोरीवर कोसळला! 'वड्याचे तेल वांग्यावर' या म्हणीत आपल्या पूर्वजांनी हे मानसशास्त्र केव्हाच सांगून ठेवले आहे. जेथे प्रत्युत्तराचे भय असते तेथे राग दबून राहतो. जेथे प्रेमाची खात्री असते तेथे तो निर्भयपणे बाहेर पडतो. जेम्स अ‍ॅव्हरिल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८२ साली आपल्या ग्रंथात हेच दाखविले, की नित्याचा राग हा शत्रूंपेक्षा परिचितांवर आणि प्रियजनांवरच अधिक निघतो.

राग ही एकच एक वस्तू नव्हे. मराठी भाषेने तिच्या छटा मोठ्या बारकाईने वेगळ्या केल्या आहेत. रुसव्यात समजूत काढली जाण्याची आशा असते. धुसफूस म्हणजे तोंडाने न बोललेला, पण भांड्यांच्या आवाजातून ऐकू येणारा राग. त्राग्यात माणूस दुसऱ्यावरचा राग स्वतःवर काढतो. चीड बहुधा अन्यायाची येते. म्हणूनच राग आला असता पहिला प्रश्न स्वतःला विचारावयाचा तो हा, की हा यांपैकी कोणता? पुष्कळदा असे आढळते, की ज्याला आपण संताप म्हणत होतो तो वास्तविक अपमान होता, थकवा होता किंवा नुसती भूक होती. रोगाचे नाव कळले, की उपचार सोपा होतो.

रागाला शरीराचाही आधार आहे. हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी भय आणि क्रोध यांच्या शारीरिक परिणामांवरील आपला ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध केला. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन रक्तात मिसळते. हृदयाची गती वाढते, रक्तदाब चढतो, यकृतातील साखर रक्तात उतरते आणि स्नायू झुंजीला सिद्ध होतात. वाघापुढे उभ्या असलेल्या माणसाला ही सिद्धता उपयोगी होती. सांडलेल्या पाण्यापुढे तिचा उपयोग नाही. परंतु शरीराला वाघ आणि पाणी यांतला भेद तत्काळ कळत नाही. तो कळण्यास बुद्धीला थोडा अवधी लागतो.

हा अवधी का मोलाचा, याचे उत्तर गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. जबलपूरहून नागपूरकडे जाताना वाटेत सिवनी लागते. तेथील तुरुंगात १९४४ साली विनोबा भावे यांनी स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर प्रवचने दिली. 'स्थितप्रज्ञ-दर्शन' हे पुस्तक त्यांतूनच सिद्ध झाले. त्या लक्षणांच्या ओघात गीतेने क्रोधाची वंशावळ सांगितली आहे. एखाद्या गोष्टीच्या चिंतनातून आसक्ती जन्मते, आसक्तीतून इच्छा आणि इच्छेला अडथळा आला की क्रोध. क्रोधातून मोह, मोहातून स्मृतीचा भ्रंश, त्यातून बुद्धीचा नाश आणि अखेरीस सर्वनाश. यातील स्मृतिभ्रंशाची पायरी विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. रागावलेला माणूस समोर कोण आहे हेच विसरतो. ती आपली मुलगी आहे, तिचे वय आठ वर्षांचे आहे, ही साधी आठवण त्याला त्या क्षणी उरत नाही. ही उतरण अशी आहे, की वरच्या पायऱ्यांवर थांबता येते. खालच्या पायऱ्यांवर पाऊल आपोआप घसरते.

राग मोकळा केला म्हणजे मन हलके होते, असा एक समज सर्वत्र आहे. २००२ साली ब्रॅड बुशमन यांनी अमेरिकेत ६०० विद्यार्थ्यांवर प्रयोग करून तो तपासून पाहिला. आपल्यावर कठोर टीका करणाऱ्याचा विचार करीत ज्यांनी गादीवजा पिशवीवर ठोसे मारले, त्यांचा राग ओसरला नाहीच; उलट तेच सर्वांत अधिक संतप्त राहिले. काहीही न करता स्वस्थ बसलेल्यांची आक्रमकता त्यांच्याहून कमी होती. पुढे २०२४ साली १५४ अभ्यासांचा एकत्रित विचार झाला. श्वसन, ध्यान, शिथिलीकरण अशा शरीराचा वेग उतरविणाऱ्या उपायांनी राग कमी होतो, हा त्याचा निष्कर्ष होता.

यावरून व्यवहाराचे काही साधे नियम निघतात. विलंब हा क्रोधावरचा उत्तम उपाय, असे रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने पहिल्या शतकातच लिहून ठेवले आहे. उभा असलेल्याने बसावे, श्वास सावकाश सोडावा, आवाज मुद्दाम खाली आणावा. रागात लिहिलेले पत्र रात्रभर उशाशी ठेवावे आणि सकाळी पुन्हा वाचावे. बोलावयाचेच असेल तर कृतीविषयी बोलावे, माणसाविषयी नव्हे. 'वही भिजली' हे सांगणे वेगळे आणि 'तू वेंधळीच आहेस' हा शिक्का मारणे वेगळे. घरातील इतरांचेही येथे काम असते. रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानदेवांना धाकट्या मुक्ताईने ताटीबाहेरून समजावले, अशी कथा आहे. तिने वाद घातला नाही; त्यांच्या खऱ्या स्वरूपाची त्यांना आठवण करून दिली. स्मृतिभ्रंशावर औषध स्मृतीचेच! मात्र हात उगारण्यापर्यंत मजल जात असेल, घर भयाने गप्प होत असेल, तर दुसऱ्यांनी सोसत राहणे हा उपाय नव्हे. तेथे वैद्यकीय साहाय्य घ्यावे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर शासनाची टेलिमानस सेवा त्यासाठी उपलब्ध आहे.

मग राग सर्वस्वी त्याज्य मानावयाचा काय? तसे नव्हे. १९२३ साली याच जबलपुरात राष्ट्रध्वजाच्या अवमानाने लोक चिडले. त्या चिडीतून दंगल उसळली असती. परंतु तिच्यातून ध्वजसत्याग्रह उभा राहिला. सुभद्राकुमारी चौहान यांच्यासारख्यांनी त्यात भाग घेतला, नागपूर हे त्याचे केंद्र बनले आणि ऑगस्टमध्ये ध्वज हाती घेतलेली मिरवणूक तेथील सिव्हिल लाइन्समधून गेली. चीड तीच, तिला शिस्तीचे पात्र मिळाले एवढाच फरक. वरिष्ठाने केलेल्या अन्यायाविषयीचा राग खोटा नसतो. तो योग्य ठिकाणी, योग्य शब्दांत मांडावयाचा असतो. ते अवघड असते, म्हणून तो सोप्या ठिकाणी सांडतो.

आणि सांडलाच, तर? मुलीसमोर बसून 'माझे चुकले, तो राग तुझ्यावरचा नव्हता' असे बापाने म्हणावे. त्याने वडीलकीचा अधिकार कमी होत नाही. मूल राग आवरण्यास उपदेशाने शिकत नाही. आवरलेला राग पाहून ते शिकते. आणि सुटलेला राग मोठी माणसे कशी मागे घेतात, हेही त्याला पाहावयास मिळाले पाहिजे.