गाडीचं नाव पुन्हा रंगवताना

एका जुन्या स्कूटरच्या मोनोग्रामवर मी फरशी साफ करायचं ॲसिड ओतलं होतं. काळपट डाग निघावेत, एवढाच हेतू. फसफस सुरू झाली आणि काम झकास चाललंय असं वाटलं. दहा मिनिटांनी धुतलं, तर क्रोमच्या सालपटाखाली धातूच खाल्ला गेलेला, शेवटच्या अक्षराची शेपटी गायब. तो धातू जस्ताचा होता. जस्तावर ॲसिड टाकल्यावर काय होतं, हे आठवीच्या प्रयोगवहीत मी स्वतः लिहिलं होतं!

म्हणून रंगाचा डबा उघडण्याआधी बिल्ला उलटा करावा. पाठीवर सुईने बारीक चरा ओढा. पिवळा निघाला तर पितळ, करडा आणि हाताला जड लागला तर जस्ताचं ओतकाम, पांढरा आणि हलका असेल तर ॲल्युमिनियम. चुंबक इथे कामाचं नाही, तिन्हींपैकी एकालाही ते धरत नाही.

पितळेचे आणि तांब्याचे बिल्ले बहुधा सर्वांत जुने. 1919 साली मुंबईत स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्थांचे असे बिल्ले सभासद गाडीच्या पुढच्या जाळीवर मिरवत. त्यांतला रंग हा रंग नसतोच, ती काच असते. ठशाने उठवलेल्या खाचांत रंगीत काचेची पूड भरायची आणि सुमारे 800 अंश सेल्सिअसच्या भट्टीत वितळवायची. आपल्या दागिन्यांवरचं मीनाकाम ते हेच. त्याचा टवका उडाला, तर पुन्हा भट्टीत घालण्याच्या भानगडीत पडू नये. मागच्या खुंट्यांचं डाक सुटतं, उरलेली काच तडकते. तिथे रंग मिसळलेलं इपॉक्सी भरणं बरं. मात्र काचेखाली किरणांसारख्या रेघा कोरलेल्या असतील, तर पारदर्शक रंगच हवा. ऑइलपेंट लावला की कोरीवकाम संपलंच.

नंतरच्या काळात जस्ताचे ओतीव बिल्ले आले. जस्त साधारण 400 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे भट्टीचा प्रश्नच मिटला. तांबं, निकेल, क्रोम असे थर चढवायचे आणि खाचेत रंग सोडायचा. क्रोमला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून ओल आत जाते आणि वर फोड येतात. फोड आलेला बिल्ला नुसता बफिंगला दिला, तर तिथे खड्डेच हाती येतात. आणि क्रोमवाल्याकडे देताना ‘हे जस्त आहे’ एवढं तोंडाने सांगा. आधी तांब्याचा थर नसेल, तर निकेलची आम्लधर्मी टाकी ते कुरतडून टाकते.

बिल्ला काढताना स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, मागच्या पिना मोडतात. डिकीच्या आतून क्लिपांवर तेल सोडून रात्रभर थांबावं. रंगाची मूळ छटा कडेच्या सांदीत सापडते, तिथे ऊन पोचलेलं नसतं. इंजेक्शनच्या सिरिंजने रंग खाचेत सोडावा. तो आपणहून कोपऱ्यापर्यंत पसरतो, ब्रशने ओढायची गरज नाही. ऑइलपेंट वाळताना खाली बसतो, म्हणून दुसरा हात लागतोच. उठावाच्या अक्षरांवर सांडलेला रंग ओला असतानाच, जुन्या व्हिजिटिंग कार्डावर घट्ट गुंडाळलेल्या, टर्पेंटाइनने जेमतेम ओलसर केलेल्या फडक्याने आडवा पुसावा. बोटाने पुसलं की बोट खाचेत शिरतं. मग वर स्वयंपाकघरातली वाटी पालथी घालून दिवसभर विसरून जावं. वाटी धूळ अडवते. घरच्यांचा राग मात्र अडत नाही.

एक चूक मला रंगापेक्षाही जास्त खटकते. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट 1100 डिलाइट पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974 मध्ये पद्मिनी. तोंडवळा तोच, नाव तेवढं बदललं. तरी 1970 च्या गाडीच्या डिकीवर ‘पद्मिनी’ चकाकताना दिसते. बाजारात तोच बिल्ला सहज मिळतो, हे कारण मला पटत नाही. जुना, अर्धवट झिजलेला, पण त्याच गाडीचा बिल्ला नव्या नकलेपेक्षा कधीही चांगला.

म्हणून डेंटिंग-पेंटिंगला गाडी देण्याआधी मोनोग्राम स्वतः काढून, क्लिपांसकट कागदात गुंडाळून घरी आणा. गॅरेजच्या फरशीवरून कचऱ्यात जाणारी पहिली वस्तू तीच असते.