शाळेत पोलीस येतो, तो कशासाठी?

आष्टी तालुक्यातल्या पोरांना शाळेच्या आवारात पोलीस हमखास दिसतो तो दहावी-बारावीच्या परीक्षेत. फाटक लावलेलं, हातात काठी घेतलेला जमादार उभा, कंपाउंडच्या भिंतीवर चढू पाहणाऱ्यांना होमगार्ड हुसकावतोय, आजूबाजूची झेरॉक्सची दुकानं बंद. आत बैठं पथक, मध्येच येऊन जाणारं भरारी पथक. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध राज्यात 1982 पासून कायदा आहे, आणि कॉपीमुक्त अभियानाचा जोर वाढल्यापासून बीड जिल्ह्यातल्या केंद्रांवर जास्तच डोळा असतो. हा बंदोबस्त लागतो, हे मान्य. पण सोळा वर्षांच्या मुलाची पोलिसाशी पहिली ओळख ‘हा आपल्यावर संशय घ्यायला आलाय’ अशी होते, हेही खरं.

दुसरी भेट जानेवारीतली. 2 जानेवारी 1961 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलीस दलाला ध्वज मिळाला. त्याची आठवण म्हणून त्या आठवड्यात ‘रेझिंग डे’ साजरा होतो. शाळेची रांग पोलीस ठाण्यात जाते. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर रायफली, अश्रुधुराची नळकांडी, बेड्या, वायरलेस सेट. मुलं बेड्यांना हात लावून बघतात, मुली वायरलेसवरचा खरखरता आवाज ऐकून हसतात, कोणीतरी धीर करून लॉकअपमध्ये डोकावतं. शेवटी साहेब मोबाइल आणि वाहतुकीचे नियम सांगतात, फोटो निघतो. मला हा कार्यक्रम आवडतो. पण ज्या टेबलाशी मुलीला एक दिवस खरंच यावं लागेल, म्हणजे तक्रार कुठे द्यायची, कोणाजवळ बोलायचं, मॅडम कोणत्या खोलीत बसतात, ते या भेटीत सहसा दाखवलं जात नाही. बंदुका दिसतात, ते टेबल राहून जातं.

शाळेत कायमचा पोलीस नेमायची रीत अमेरिकेतली. 1950च्या दशकात मिशिगनमधल्या फ्लिंट गावात ती सुरू झाली आणि 1999च्या कोलंबाइन शाळेतल्या हत्याकांडानंतर देशभर पसरली. हेतू चांगला होता. पण वर्गातली भांडणं, उलट बोलणं, असली जी प्रकरणं पूर्वी मुख्याध्यापकांच्या खोलीत मिटत, ती पोलिसाच्या वहीत जाऊ लागली, आणि त्याचा फटका कृष्णवर्णीय मुलांना जास्त बसला. 2020मध्ये मिनियापोलिसच्या शाळा मंडळाने पोलिसांशी केलेला करारच मोडला. टेक्सासमधल्या युवाल्डीत 24 मे 2022 रोजी शाळेत बंदूकधारी शिरला, तेव्हा शेकडो पोलीस जमूनही तासाहून अधिक वेळ आत कारवाई झाली नाही. 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या.

आपल्याकडे ही वाट कोणी धरली नाही, हे बरंच झालं. केरळने 2010मध्ये ‘स्टुडंट पोलीस कॅडेट’ सुरू केलं. त्यात पोलिसांच्या बरोबरीने शाळेतल्याच शिक्षकांना तयार केलं जातं. 21 जुलै 2018 रोजी केंद्राने आठवी-नववीसाठी ते देशभर नेलं. पुण्यात ‘पोलीस काका’ आले, मुंबईत ‘पोलीस दीदी’ लहान मुलांना चांगला स्पर्श, वाईट स्पर्श समजावू लागल्या. बीडमध्ये दामिनी पथक फिरतं.

आष्टीसारख्या तालुक्यात हे पथक नेमकं काय करतं? शाळा सुटायच्या वेळी बसस्टँडवर, कॉलेजच्या रस्त्यावर गाडी उभी करायची, मुलींच्या मागे मोटारसायकल फिरवणाऱ्या टवाळखोरांना अडवायचं, कागदपत्रं बघायची, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 110 आणि 112खाली कारवाई करायची. पाठलागाचा प्रकार असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 78 आहेच. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास घेऊन खेड्यातून एसटीने येणाऱ्या मुलीसाठी घर ते शाळा हा रस्ताच सगळ्यात धोक्याचा असतो, त्यामुळे बसस्टँडवरची ही हजेरी फार मोलाची आहे. पण तालुका पसरलेला, ठाणी दोन, आष्टी आणि अंभोरा. पथक आज कड्याला असेल तर दुसऱ्या टोकाच्या वाडीत नसणार, हे टवाळखोरालाही ठाऊक असतं.

खरी अडचण मात्र माणसं कमी असण्याची नाही. मुलगी बोलतच नाही, ही अडचण आहे, आणि ती का बोलत नाही हे बीड जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. बोललं की घरी कळतं. घरी कळलं की शाळा बंद. शाळा बंद झाली की स्थळ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 43.7 टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. राज्याचा आकडा 21.9. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, उचल कोयत्यावर मिळते, म्हणून लग्न लवकर. आई-बाप सहा महिने फडावर आणि वयात आलेली पोरगी म्हाताऱ्या आजीजवळ, म्हणूनही लवकर. अशा घरात छेडछाडीची एक तक्रार लग्नाची तारीख जवळ आणते. ज्याने छेडलं तो गावात मोकळा, आणि शिक्षा मुलीला.

म्हणून पोलिसाने तक्रारीनंतर काय केलं, यावर मुलीची शाळा टिकते की सुटते हे ठरतं. कायद्याला हे कळलेलं आहे. 2012च्या पॉक्सो कायद्याचं कलम 24 सांगतं की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि जबाब घेताना अंगावर गणवेश नको. मुलाला रात्री ठाण्यात थांबवून ठेवायचं नाही. कलम 23 ओळख झाकायला सांगतं. 2015च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी असायलाच हवा. कागदावरची ही योजना उत्तम आहे. पण जीप सायरन वाजवत गल्लीत शिरली आणि ओट्यावर बायका जमल्या की कलम 23ला काही अर्थ उरत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. पथकाला कधी बसस्टँडमागे, कधी बागेत मुलगा-मुलगी गप्पा मारताना सापडतात. मग मुलीकडून बापाचा नंबर घेतला जातो आणि जागेवरूनच फोन लावला जातो. ‘तुमची मुलगी इथे आहे, येऊन घेऊन जा.’ पोलिसाला वाटतं आपण मोठ्या भावाचं काम केलं. त्या संध्याकाळी त्या घरात काय होतं, ते त्याला दिसत नाही. कोणी जबरदस्ती केली नसेल, कोणी घाबरलेलं नसेल, तर हा फोन करू नये, असं माझं ठाम मत आहे. बोलायचंच असेल तर शाळेतल्या बाईंशी बोलावं आणि पुढचं त्यांच्यावर सोडावं.

ऑगस्ट 2024मध्ये बदलापुरात चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेत अत्याचार झाले आणि तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनी तासन्‌तास लावले. 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. दुसऱ्या दिवशी शालेय शिक्षण विभागाचा निर्णय निघाला. सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी. त्याआधी 10 मार्च 2022 रोजी शाळाशाळांत ‘सखी सावित्री’ समिती नेमायचा निर्णय झालेला होता. या समितीत अंगणवाडी सेविका आहे, आणि पोलीस पाटीलही आहे.

पोलीस पाटील हाच मला आशेचा धागा वाटतो. तो 1967च्या ग्रामपोलीस कायद्याखाली नेमलेला, गावातलाच, गणवेश नसलेला. कोणाची टोळी कोणत्या कारखान्याला जाते, कोणाच्या घरी बैठक झाली, कोणाच्या दारात मांडव पडणार, हे त्याला ठाण्याच्या आधी कळतं. ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो खरा, पण लग्न थांबवायला पोलीसच लागतात, आणि तालुक्याची हद्द अहिल्यानगर जिल्ह्याला लागून असल्याने आयत्या वेळी मांडव पलीकडे हलला तर एका ठाण्याचा निरोप दुसऱ्या ठाण्याला तासाभरात पोहोचावा लागतो. अडचण इतकीच की पाटीलही गावातच राहतो, सोयऱ्याधायऱ्यांतच असतो. भावकीतलं लग्न मोडल्याचा राग वर्षानुवर्षं टिकतो. त्याने दिलेल्या खबरेत त्याचं नाव येणार नाही, एवढी हमी ठाणेदाराने द्यायला हवी आणि पाळायला हवी.

2025च्या सुरुवातीला बीड जिल्हा पोलिसांनी छातीवरच्या पाटीवरून आडनाव काढून टाकलं. नुसतं पहिलं नाव. जातीच्या चष्म्यातून पोलिसाकडे बघायची सवय मोडावी म्हणून. या बदलाचा शाळेला मोठा उपयोग होऊ शकतो, कारण तक्रार करायची की नाही हे ठरवताना मुलीच्या घरचे आधी साहेब कोणाचा आहे ते विचारतात.

आष्टीच्या शाळांना कायमचा पोलीस नको आहे. हवी आहे ठाण्यातली एक ठरलेली बाई किंवा माणूस, ठरलेल्या वारी, शक्यतो साध्या कपड्यांत, महिन्यातून एकदा का होईना. आणि तक्रारपेटी तिच्यासमोर उघडली जावी. पेटीही मुख्याध्यापकांच्या दारासमोर नको, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर हवी, म्हणजे चिठ्ठी टाकताना कोणी बघणार नाही. मुलांच्या मदतीचा 1098 आणि तातडीचा 112 हे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत हवेत. आणि तारखेचं भान हवं. टोळ्या दिवाळीच्या सुमाराला निघतात. त्याआधीच्या पंधरवड्यात मुख्याध्यापक, अंगणवाडी सेविका आणि पोलीस पाटील यांनी एकत्र बसून कोणत्या मुली मागे राहणार, कोणाकडे राहणार, हंगामी वसतिगृहात कोणाचं नाव घालता येईल, याची यादी करावी. बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याने ती यादी घेऊन त्या घरच्या आजीला साध्या कपड्यांत भेटून यावं, आणि संक्रांतीनंतर पुन्हा एकदा शाळेचा हजेरीपट बघावा.