फॅसिझमचा बाप कोण? सहा गैरसमज

१९३२ साली इटालियन विश्वकोशाच्या चौदाव्या खंडात ‘फॅसिझम’ ही नोंद छापून आली. खाली सही बेनितो मुसोलिनीची. तिचा पहिला, तात्त्विक भाग मात्र मुख्यतः जोव्हान्नी जेंतिले या तत्त्वज्ञाने लिहिला होता. मुसोलिनी पंतप्रधान झाला ऑक्टोबर १९२२ मध्ये. म्हणजे सत्ता आधी आली आणि सिद्धांताची अधिकृत मांडणी दहा वर्षांनी. त्यामुळे अमक्या तत्त्वज्ञाने विचार मांडला आणि त्यातून फॅसिझम उगवला, असा सरळ हिशेब इथे लागत नाही.

गैरसमज १ : फॅसिझमला तत्त्वज्ञान नव्हतेच, ती नुसती गुंडगिरी होती.

वस्तुस्थिती : गुंडगिरी होतीच. काळे सदरे घातलेल्या टोळ्या विरोधकांना सोट्याने झोडपत, बळजबरीने एरंडेल पाजत. पण त्या सोट्याचे समर्थन करायला एक मान्यवर तत्त्वज्ञ पुढे आला. विचार करण्याची जिवंत क्रिया हेच वास्तव, असे जेंतिले मानत असे. राजकारणात त्याने त्याचा अर्थ असा लावला : व्यक्तीची खरी इच्छा आणि राज्याची इच्छा अखेर एकच असते, तेव्हा राज्याविरुद्ध व्यक्तीचे म्हणून काही स्वातंत्र्य उरत नाही. १९२४ मध्ये पालेर्मोच्या भाषणात त्याने बळ हे नैतिकच असते, असे सांगितले. माणसाची इच्छा वळवायचे साधन प्रवचन असो की सोटा, त्याच्या लेखी दोन्ही एकाच पंगतीत बसत होते.

गैरसमज २ : नीत्शे हा फॅसिझमचा जनक.

वस्तुस्थिती : नीत्शेचे मन १८८९ च्या जानेवारीत तुरिनमध्ये ढासळले आणि १९०० मध्ये तो वारला. त्याचे अप्रकाशित लेखन बहीण एलिझाबेथच्या हाती गेले. तिचा नवरा बर्नहार्ड फॉर्स्टर हा कडवा ज्यूद्वेष्टा. दोघांनी पॅराग्वेमध्ये ‘शुद्ध’ जर्मनांची वसाहत थाटली होती. ‘सत्ताकांक्षा’ या अर्थाच्या नावाने १९०१ मध्ये निघालेले पुस्तक नीत्शेने लिहून पुरे केलेले नव्हते. वह्यांतली टिपणे निवडून, जुळवून ते तिच्या देखरेखीखाली तयार झाले. १९३५ मध्ये तिच्या अंत्यविधीला खुद्द हिटलर हजर होता. नीत्शेने स्वतः मात्र ज्यूद्वेष, जर्मन राष्ट्रवाद आणि राज्यसंस्था या तिन्हींवर सडकून टीका केली होती.

तरीही सगळे खापर बहिणीच्या माथी मारणे बरोबर नाही. समतेचा आणि लोकशाहीचा तिटकारा नीत्शेने स्वतः छापलेल्या ग्रंथांतही भरपूर आहे. मुसोलिनीने १९०८ मध्ये, समाजवादी असतानाच, नीत्शेवर लेख लिहिला होता.

गैरसमज ३ : हेगेलच्या राज्यपूजेतून फॅसिझम सरळ निघतो.

वस्तुस्थिती : जेंतिले हेगेलच्या परंपरेतला, हे खरे. पण त्याचा वर्षानुवर्षांचा मित्र आणि सहकारी बेनेदेत्तो क्रोचे हाही त्याच परंपरेतला. १९२५ मध्ये दोघांच्या वाटा उघडपणे फुटल्या. २१ एप्रिलला जेंतिलेने फॅसिस्ट बुद्धिवंतांचा जाहीरनामा काढला; १ मे रोजी क्रोचेने त्याला जाहीर उत्तर दिले. आधी काही काळ क्रोचेनेही मुसोलिनीला पाठिंबा दिला होता, पण पुढे तो विरोधात ठाम राहिला. एकाच गुरूचे दोन वाचक समोरासमोर उभे राहतात, तेव्हा दोष सगळा गुरूचा कसा? हेगेलच्या राज्यात कायदा, खासगी मालमत्ता आणि स्वतंत्र नागरी समाज यांना जागा होती. जेंतिलेने नेमका हाच भाग राज्यात विरघळवून टाकला. उलट नाझींच्या बाजूला गेलेला कायदेपंडित कार्ल श्मिट याने १९३३ मध्ये लिहिले की, हिटलर चॅन्सेलर झाला त्या दिवशी हेगेल मेला.

गैरसमज ४ : फॅसिझम म्हणजे समाजवादाचीच एक शाखा.

वस्तुस्थिती : माणसे तिथून आली, कार्यक्रम टिकला नाही. मुसोलिनी समाजवादी पक्षाच्या दैनिकाचा संपादक होता; महायुद्धात उतरण्याचा पुरस्कार केल्यामुळे १९१४ मध्ये पक्षाने त्याला काढले. १९१९ च्या पहिल्या फॅसिस्ट कार्यक्रमात आठ तासांचा दिवस, स्त्रियांना मताधिकार आणि युद्धातल्या नफ्याची ८५ टक्के जप्ती अशी कलमे होती. दोनच वर्षांत फॅसिस्ट टोळ्या जमीनदारांच्या पैशावर कामगार संघटनांच्या कचेऱ्या जाळत फिरू लागल्या. १९२६ च्या कायद्याने संपावर बंदी आली.

डाव्यांकडून टिकाऊ असे जे उचलले गेले, ते जॉर्ज सोरेल या निवृत्त फ्रेंच अभियंत्याचे. १९०८ च्या हिंसेवरील पुस्तकात त्याचे म्हणणे असे, की लोक योजनेने पेटत नाहीत, मिथकाने पेटतात. कामगारांसाठी ते मिथक म्हणजे सार्वत्रिक संप. मुसोलिनीने मिथक ठेवले आणि संप काढून टाकला. त्याला सत्तेवर नेणाऱ्या रोमवरील चढाईच्या चार दिवस आधी नेपल्समध्ये त्याने जाहीर केले, आमचे मिथक राष्ट्र आहे. ते खरे आहे की नाही, हा प्रश्नच त्याने निकालात काढला. त्याला हवा होता तो लोकांचा विश्वास.

गैरसमज ५ : वंशवाद हाच प्रत्येक फॅसिझमचा मूळ पाया.

वस्तुस्थिती : नाझीवादात वंश आधी आणि राज्य हे वंशरक्षणाचे साधन. इटालियन सिद्धांतात क्रम वेगळा : राज्यच राष्ट्र घडवते. १९३८ च्या वंशविषयक कायद्यांपर्यंत इटलीच्या फॅसिस्ट पक्षात ज्यू सदस्यही होते. पण म्हणून इटलीची राजवट सौम्य ठरत नाही. १९३५-३६ मध्ये तिने इथिओपियात विषारी वायू वापरला आणि १९३७ मध्ये वसाहतींतील इटालियन व स्थानिक यांच्या सहजीवनावर बंदी घातली. व्यक्तीला राज्याबाहेर हक्कच नाहीत, असे एकदा मानले की राज्य उद्या कोणाला परके ठरवील, याला सिद्धांतात अटकाव राहत नाही.

गैरसमज ६ : शिकल्यासवरल्या लोकांना ही बाधा होत नाही.

वस्तुस्थिती : १९३१ मध्ये इटलीच्या विद्यापीठांतील प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ सक्तीची झाली. बाराशेच्या आसपास प्राध्यापकांपैकी नकार देणारे जेमतेम डझनभर. त्यांत गणितज्ञ व्हितो व्होल्तेरा होते आणि तत्त्वज्ञ पिएरो मार्टिनेत्ती होते, ज्यांचा तरुणपणीचा प्रबंध आपल्या सांख्यदर्शनावर होता. बाकीच्यांत श्रद्धाळू होते, भित्रे होते आणि आपली जागा फॅसिस्टाला मिळू नये म्हणून सही करणारेही होते.

म्हणून फॅसिझमचा बाप शोधण्यापेक्षा निवड तपासावी. नीत्शेची समता-घृणा घेतली, राज्यावरची टीका टाकली. हेगेलचे राज्य घेतले, नागरी समाज टाकला. सोरेलचे मिथक घेतले, कामगार टाकला. प्रत्येक वेळी वगळले गेले ते सत्तेला रोखू शकणारेच काहीतरी. या मृत किंवा दूरच्या लेखकांना विचारून कोणी ही कापाकापी केली नव्हती. जेंतिलेची गोष्ट निराळी. तो मंत्री झाला, जाहीरनामा काढला, विश्वकोशातल्या त्या नोंदीचा तात्त्विक भाग लिहिला आणि १९४४ मध्ये फ्लॉरेन्समध्ये प्रतिकारकांच्या गोळ्यांना बळी पडेपर्यंत मुसोलिनीची बाजू सोडली नाही. ज्याचा विचार ओरबाडला गेला आणि ज्याने तो स्वखुशीने वाहिला, त्यांना एकाच मापाने मोजता येत नाही.