श्रेणींपासून बाळहिरड्यापर्यंत

जुन्नरभोवतीच्या लेण्यांतील ब्राह्मी शिलालेखांत सातवाहनकालीन श्रेणींचे, म्हणजे एकाच व्यवसायातील कारागिरांच्या वा व्यापाऱ्यांच्या संघटनांचे, उल्लेख येतात. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिले, तर बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम ठेव म्हणून सोपवली गेली. कारागिरांची संघटना पेढीचेही काम करीत होती, ही बाब येथील उद्योजकतेचा इतिहास पाहताना नाणेघाटाच्या व्यापारी मार्गाइतकीच मोलाची मानली पाहिजे.

जुन्नर-आंबेगाव परिसराचे आजचे अर्थकारण पाण्याने घडवले आहे. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांमुळे सखल पूर्वभाग बागायती झाला. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव क्रेटवर ठरतो, मंचरला कांदा-बटाट्याची उलाढाल होते. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात मात्र महादेव कोळी कुटुंबांच्या हाती येणारा रोख पैसा बराचसा हिरड्यावर, विशेषतः कोवळेपणीच उतरवून उन्हात काळा पडेपर्यंत वाळवलेल्या बाळहिरड्यावर, अवलंबून असतो. आणि ज्या डिंभे धरणाने पूर्वेची शेती भिजवली, त्याच्याच जलाशयाखाली जुने आंबेगाव हे गाव गेले.